मुलं फोटोत का धावत नाहीत?

आमच्या बावड्याच्या घरात, सोप्याच्या भिंतीवर अकरा फोटो आहेत. फेटा बांधलेले आजोबा आहेत, पंढरपूरला रंगवलेल्या पडद्यापुढे उभं राहून काढलेले आई-वडील आहेत, चार लग्नं आहेत, दोन सत्कार आहेत आणि हार घातलेला ट्रॅक्टरही आहे. गेल्या दिवाळीत जळमटं काढताना मी स्टुलावर चढून ते सगळे पुसले, तेव्हा एक गोष्ट पहिल्यांदाच ध्यानात आली. अकरांपैकी एकाही फोटोत कुणी हलत नाही. माणसं तर नाहीतच, पण ट्रॅक्टरही उभाच आहे.

त्यातलं एक लग्न माझ्या थोरल्या बहिणीचं. आक्काचं. १९७०च्या सुमारास ती शाळेत खो-खो खेळायची. खांबावर तिच्यासारखा सूर मारणारी पोरगी पंचक्रोशीत नव्हती, असं मी आजही सांगतो. पण मी तेव्हा चौथीत होतो, म्हणजे साक्षीदार तसा कच्चाच. नववीनंतर तिचं लग्न झालं. आता ती सत्तरीला आली. कधी विषय निघालाच तर तिची नातवंडं हसतात. ‘आज्जी, तू आणि सूर?’ म्हणतात. तीही हसते आणि भाकरी थापायला लागते. तिच्यापाशी पुरावा नाही. लग्नातला मुंडावळ्यांचा फोटो आहे, पण त्यावरून ती काय खेळायची हे कसं कळावं? बँकेत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला ही गोष्ट फार लागते. कागद नाही म्हणजे व्यवहारच नाही, हे आम्ही जन्मभर लोकांना ऐकवत आलो.

आता तुम्ही म्हणाल, हा जुना काळ झाला. आज घरात माणसं चार आणि कॅमेरे पाच. लहान पोर शिंकलं तरी फोटो निघतो. खरं आहे. पण आपल्या फोनमधले मुलांच्या खेळाचे फोटो एकदा उघडून बघा. बहुतेकांत मूल खेळत नसतं. ते बक्षीस घेत असतं, नाहीतर रांगेत उभं असतं. मध्ये प्रमुख पाहुणे, त्यांच्या हातात ढाल, ढालीमागे अर्धं झाकलेलं पोर. खेळ झाला त्या दोन तासांचा मागमूस नसतो. मी हे दुसऱ्यांना नावं ठेवायला सांगत नाही. या बाबतीत माझ्याइतका मोठा अपराधी मीच आहे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या पुतण्याची मुलगी, म्हणजे माझी नातच, शाळेच्या खो-खो संघात होती. शालेय स्पर्धांमध्ये १४, १७ आणि १९ वर्षांखालचे असे गट असतात. तिचं १४च्या गटातलं ते शेवटचं वर्ष. मुलानं घेऊन दिलेला नवा फोन खिशात घालून मी मैदानावर गेलो. पोरगी पळतीला उतरली. तीन-साडेतीन मिनिटं ती अशी काही पळाली, की माझ्या शेजारचे अनोळखी लोकसुद्धा उभे राहिले. मला वाटलं, हा चेहरा फोटोत यायलाच पाहिजे. मी हाक मारली, ‘बाळे, इकडं बघ!’

तिनं बघितलं. तेवढ्यात मागून पाठीवर हात पडला आणि शिट्टी वाजली.

ती मला काही बोलली नाही. सामनाही कसाबसा जिंकला. संध्याकाळी घरी आल्यावर तिनं एवढंच विचारलं, ‘आबा, दुसऱ्या डावात मी खांबावर सूर मारला, तो आला का?’ माझ्या फोनमध्ये त्या दिवसाचे दोनशे चौदा फोटो होते. आम्ही दोघांनी ते सगळे पाहिले. सुराचा एक सापडला. त्यात खांब स्पष्ट होता आणि खांबाच्या पलीकडे एक तळपाय होता. बाकी धुरळा, पाठी, पंचांची पँट. बक्षीस समारंभाचे मात्र एकतीस फोटो, एकापेक्षा एक स्वच्छ. तिनं फोन माझ्या हातात दिला आणि पाय धुवायला गेली.

त्या रात्री मला आक्काची आठवण आली. आणखी एका माणसाचीही आली.

१९८६च्या आसपास मी एका तालुक्याच्या गावी आमच्या बँकेच्या शाखेत कर्जाचं टेबल सांभाळत होतो. सुशिक्षित बेरोजगारांना स्वयंरोजगारासाठी कर्ज देण्याची सरकारी योजना तेव्हा जोरात होती. एक तरुण फोटो स्टुडिओसाठी अर्ज घेऊन आला. त्याच्या कोटेशनमध्ये कॅमेरा होता, फ्लॅश होता, दोन दिवे, पडदा, डार्करूमचं सामान होतं आणि शेवटी एक २०० मिलिमीटरची लांब पल्ल्याची लेन्स होती. मी विचारलं, ‘ही कशाला?’ तो म्हणाला, ‘साहेब, मैदानावरचे फोटो काढायचेत. कबड्डीचे, कुस्त्यांचे.’ मी विचारलं, ‘त्याचे पैसे कोण देणार?’ त्याला उत्तर देता आलं नाही. मी लाल पेनानं ती ओळ खोडली आणि बाकीचं कर्ज मंजूर केलं. उठताना तो हसून म्हणाला, ‘साहेब, लग्नात कुणी पळत नाही हो.’

त्याचं कर्ज वेळेवर फिटलं. माझ्या लेखी ते यशस्वी प्रकरण होतं. त्यानं जन्मभर लग्नं आणि पासपोर्ट फोटो काढले असतील. पण त्या तालुक्यातल्या एका पिढीची धावणारी, झेपावणारी मुलं कुठल्याच कागदावर उतरली नाहीत, त्यात माझ्या त्या लाल रेघेचाही हात आहे. बँकेच्या नियमानं मी बरोबर होतो. तरी ती रेघ डोळ्यांपुढून हलत नाही.

असो. त्यानंतर मी शिकायला बसलो. पासष्टीच्या उंबरठ्यावर जे काही शिकलो ते इथं सांगतो. कारण ते अवघड नाही, आणि त्याला लांब लेन्सही लागतेच असं नाही.

पहिला धडा असा, की फोटो काढण्याआधी खेळ कळला पाहिजे. खो-खोचे नियम पुण्यात डेक्कन जिमखान्यावर १९१४च्या सुमारास बांधले गेले. फोटो काढणाऱ्याला ते नियम फार उपयोगी पडतात. पाठलाग करणारीनं एकदा दिशा घेतली की तिला खांबापर्यंत मागं फिरता येत नाही. दोन बसलेल्या गड्यांच्या मधून तिला पलीकडे जाता येत नाही. पळणारीला मात्र मुभा असते. म्हणजे पळणारी कुठं वळेल हे सांगता येत नसलं, तरी पाठलाग करणारी कुठं येणार हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. ती खांबापाशी येणार. पळणारी पलीकडच्या अंगाला निसटली, तर ती एका हातानं खांब धरून दुसरा हात पुढं टाकत सूर मारणार. सगळ्या मैदानात ही एक जागा अशी आहे, जिथं थरार स्वतः चालत येतो. आपण पोरीच्या मागं फोन फिरवत बसतो आणि तो थरार चुकवतो. फोन फिरवू नका. खांबाशी ठाण मांडा आणि वाट बघा.

दुसरा धडा जागेचा. खांबाच्या मागच्या बाजूला, थोडं तिरकं, मैदानाभोवतीची मोकळी पट्टी सोडून बसावं. पंच आणि गुणलेखक यांच्या आड येऊ नये. ‘बसावं’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. उभं राहून काढलेल्या फोटोत मुलं बुटकी दिसतात आणि मागं नुसती माती दिसते. जमिनीवर बसलं की बसलेल्या गड्यांचे डोळे आपल्या डोळ्यांच्या पातळीवर येतात. माझे गुडघे कुरकुरतात, म्हणून मी खताच्या रिकाम्या पोत्याची घडी बरोबर नेतो. सूर्य शक्यतो आपल्या पाठीशी असावा. दुपारी बाराच्या उन्हात मुलांच्या डोळ्यांच्या जागी काळे खड्डे दिसतात. सकाळी नऊपर्यंत आणि दुपारी चारनंतरचं ऊन तिरपं असतं. त्यात उडालेला मुरमाचा धुरळासुद्धा सोन्यासारखा दिसतो.

तिसरा धडा वेळेचा, आणि इथं माझ्यातला हिशेबनीस जागा होतो. समजा पोरगी सेकंदाला सहा मीटर वेगानं पळते आहे. कॅमेऱ्याचा पडदा सेकंदाचा साठावा भाग उघडा राहिला, तर तेवढ्यात ती दहा सेंटिमीटर पुढं जाते. म्हणून चेहऱ्याच्या जागी पांढरा पट्टा येतो. तोच पडदा सेकंदाचा हजारावा भाग उघडला, तर ती फक्त सहा मिलिमीटर हलते आणि तिच्या कपाळावरचा घाम दिसतो. कॅमेरा असेल तर हा वेग हजाराच्या आसपास ठेवावा. फोन असेल तर तो उजेड बघून स्वतःच ठरवतो, म्हणून भरपूर उजेड हवा. दोन बोटांनी चित्र ताणून मोठं करू नये. त्यानं जवळ गेल्याचा भास होतो, पण चित्र फाटतं. त्यापेक्षा चार पावलं पुढं जावं. बहुतेक फोनमध्ये पडद्यावर बोट दाबून धरलं की नजर एका ठिकाणी पक्की करता येते. ती खांबावर करून ठेवावी. एकामागोमाग भराभर फोटो काढण्याची सोयही असते, ती शोधून ठेवावी. आणि बटण सूर दिसल्यावर नाही, सुराच्या आधी दाबावं. डोळ्यानं पाहिलं, बोटाला निरोप गेला, बोटानं दाबलं, तोवर पोरगी उठून कपडे झटकत असते.

डोळ्याला न दिसणारं कॅमेऱ्याला दिसतं, हे माणसाला पहिल्यांदा एका घोड्यानं शिकवलं. दौडणाऱ्या घोड्याचे चारही खूर एकाच वेळी जमिनीवरून सुटतात का, यावर त्या काळी वाद होता. १८७८ साली अमेरिकेत एडवर्ड मायब्रिज यांनी धावपट्टीच्या कडेला बारा कॅमेरे ओळीनं मांडून त्याचा निकाल लावला. सुटतात, असं दिसलं. आमच्या इंदापूर तालुक्याला ही गोष्ट परकी वाटायला नको. तुकोबांच्या पालखीचं गोल रिंगण बेलवाडीला होतं, इंदापूरला होतं. रिंगणातल्या अश्वाचे चारही पाय हवेत असतानाचा फोटो मिळावा म्हणून पुण्या-मुंबईचे फोटोग्राफर पहाटेपासून जागा धरून बसतात. भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. तेव्हा हातभर लांबीच्या लेन्स घेऊन माणसं तासन्‌तास नावेत बसतात. पक्ष्यानं पंख उघडावेत म्हणून श्वास रोखतात. त्यात वाईट काही नाही. पण त्याच तालुक्यात, त्याच हिवाळ्यात, शेकडो पोरं अनवाणी झेपा घेत असतात. त्यांच्यासाठी श्वास रोखणारं कुणी नसतं.

आणि या झेपा आता गावापुरत्या राहिलेल्या नाहीत. २०२० साली उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, सारिका काळे हिला खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ नेपाळला हरवून जिंकले, आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे. तेव्हा हवेत आडव्या झालेल्या खेळाडूंचे फोटो सगळ्यांनी पाहिले. माझ्या नातीनं त्यातला एक कापून वहीला लावला. मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. स्वतःचा तसा एखादा फोटो तिच्याकडे का नसावा?

याला दोन-तीन चांगले आक्षेप आहेत. एका मित्रानं विचारलं, ‘अरे, फोन खाली ठेवून पोरीचा खेळ बघ ना!’ त्याचं बरोबर आहे. कॅमेऱ्यातून बघणारा माणूस खेळ बघत नाही. म्हणून मी वाटणी केली आहे. खो-खोत दोन डाव असतात. पहिल्या डावात फोटो काढायचे, दुसऱ्या डावात फोन खिशात आणि हात टाळ्यांना मोकळे. दुसरा म्हणतो, ‘व्हिडिओ काढ, त्यात सगळंच येतं.’ येतं, पण तो पुन्हा कोण बघतो? आणि व्हिडिओ भिंतीवर लावता येत नाही. तिसरा आक्षेप असा, की फोटोच्या नादानं मुलं कॅमेऱ्यासाठी खेळू लागतील. हा मला सगळ्यांत खरा वाटतो. कारण माझ्या एका हाकेनं एक गडी बाद झालेला आहे. मैदानाच्या कडेला बसलेल्या माणसानं मुलाला हाक मारू नये, हसायला सांगू नये, पुन्हा सूर मार असं तर मुळीच म्हणू नये. आपण तिथं नाही, असं समजून बसावं.

एक गोष्ट मात्र फोटो काढण्याहून महत्त्वाची आहे. मुलींचे आई-वडील अजूनही भीत भीत त्यांना मैदानावर पाठवतात. त्या भीतीत भर घालणारा फोटो काढू नये. धडपडताना कपडे विस्कटलेले असतील, मूल रडत असेल, दुखापत झाली असेल, तर बोट थांबवावं. निघालाच तर जागीच पुसावा. दुसऱ्याच्या मुलाचा फोटो त्याच्या घरच्यांना विचारल्याशिवाय कुठंही पाठवू नये. नाव, शाळा, गाव असा पत्ता जोडून शंभर जणांच्या ग्रुपवर तर टाकूच नये. आणि मूल ‘नको’ म्हणालं तर विषय संपला. बँकेत दुसऱ्याच्या खात्याची माहिती बाहेर सांगायची नाही, हा पहिला नियम असतो. मुलांचे फोटोही तसेच समजावेत, ते आपल्याकडे ठेव म्हणून असतात.

मग एवढं करून काढायचे कशाला, असं कुणी विचारील. ते त्या मुलाला द्यायला. दोनशेंतले पाच ठेवावेत आणि त्या पाचांतला एक कागदावर छापून घ्यावा. घराच्या भिंतीवर जे टांगलेलं असतं, ते त्या घराला मोलाचं वाटतं, असं मूल समजतं. आमच्या भिंतीवर लग्नं आणि सत्कार टांगलेले आहेत. म्हणजे पोरीनं लग्न करावं आणि पोरानं सत्कार घ्यावा, एवढंच ती भिंत सांगते. दहावीनंतर पोरीचा खेळ थांबवायचा की नाही, याची बोलणी त्याच भिंतीखाली बसून होतात. फोटोनं ती बोलणी जिंकता येतील, असा माझा भाबडा समज नाही. पण निदान एक कागद समोर असेल.

शाळांनाही सुचवावंसं वाटतं, की सूचनाफलकावर बक्षीस समारंभाच्या आधी खेळाचा फोटो लावा. गावातल्या दात्यांनाही विनंती आहे. चौकाचौकांत वाढदिवसांचे फ्लेक्स लागतात, आठवड्यात उन्हानं विटतात. त्यातल्या एकाच्या खर्चात अख्ख्या संघाला छापील फोटो देता येतील. आणि एखाद्या वर्षी चौकातल्या फ्लेक्सवर सूर मारणारी पोरगी दिसली, तर गावाची शोभाच वाढेल. अर्थात तिला आणि तिच्या घरच्यांना विचारून.

गेल्या हिवाळ्यात माझ्या नातीचा एक फोटो मला साधला. आता ती १७च्या गटात आहे. डावा हात खांबावर, उजवा पुढं, दोन्ही पाय जमीन सोडून, आणि समोरच्या पोरीच्या पाठीपासून बोटं चार अंगुळांवर. मी तो अकलूजला नेऊन मोठा करून आणला. आक्का माहेरी आली होती, तिची दोन नातवंडंही होती. मी फोटो तिच्या हातात दिला. तिनं चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, ‘खांबाचा हात कोपरात वाकलाय हिचा. हात सरळ सोडला असता तर इतभर जास्त मिळालं असतं.’

पोरगी म्हणाली, ‘पण आज्जी, गडी टिपला मी.’

‘टिपला असशील. पुढची पोरगी ढिली होती म्हणून.’

नातवंडं हसायची थांबली होती. आक्का उठली. सोप्याचा सागवानी खांब तिनं डाव्या हातानं धरला, पदर खोचला, कोपर ताठ केलं आणि उजवा हात पुढं टाकत सबंध अंगानं अशी काही झुकली, की मी स्टुलावरून उठलोच. ‘अशी,’ ती म्हणाली.

मी फोन काढला. सोप्यात उजेड कमी होता आणि माझा हातही हलला. मी वर सांगितलेले सगळे धडे त्या फोटोत चुकलेले आहेत. आक्काचा चेहरा तर नुसता पुसट पट्टा आहे. तरी तो छापून आणला आणि अकरांच्या शेजारी खिळा ठोकून लावला.